डुक्कर एका घरचं, मीठ गावाचं

स्वयंपाकाच्या मराठी पुस्तकांत कोंबडी असते, बकरा असतो, पापलेटापासून तिसऱ्यांपर्यंत सगळा समुद्र असतो. डुक्कर शोधायला जावं तर बहुधा हात हलवत परत यावं लागतं. फार तर ‘गोव्याचे पदार्थ’ या मथळ्याखाली विंदालूची एक कृती सापडते, आणि तिच्या तळाशी ‘आवडत नसल्यास चिकन वापरावे’ अशी सूचना. सिंधुदुर्गात मात्र डुकराचं मांस परकं नाही. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, कुडाळ इथल्या ख्रिस्ती वाड्यांवर नाताळ, लग्न, चर्चचं फेस्त यांतलं काहीही डुकराशिवाय पार पडल्यासारखं वाटत नाही. परसात डुक्कर पाळायचं, घरच्या घरी कापायचं, थोडं त्या दिवशी रांधायचं, थोडं वाटायचं आणि उरलेलं खारवून, मुरवून, सुकवून पावसाळ्यासाठी ठेवायचं, हे ज्ञान या घरांत आहे. ते कागदावर फारसं आलेलं नाही. तुमच्या हातातली पुस्तिका त्याच ज्ञानाची आहे. तिच्यात कृती आहेत, पण ती पाककृतींची नाही. मसाल्याचं प्रमाण कुणाच्याही आईकडे मिळतं. मांस टिकवायचं कसं आणि ते टिकतं का, हे तिचं काम.

प्रस्तावना लिहिणारा मी या घरांपैकी नव्हे. मी शेजारचा. नाताळला आमच्याकडे दोदोल यायचं, नेवऱ्या आणि कुलकुल यायचे, झाकलेल्या ताटात, वर विणलेला रुमाल. मांस कधी आलं नाही. त्यांनी विचारलं नाही, आम्ही मागितलं नाही, आणि यात कुणाचा मान गेला असं कुणालाच वाटलं नाही. गावात एकत्र राहायच्या अशा काही न बोललेल्या रीती असतात. पण त्याच शेजारामुळे मला एक गोष्ट दिसत राहिली, ती मी या पानांत पुढे मांडणार आहे: डुक्कर एका घरचं असलं तरी त्याला खारवणारं सामान गावाचं असतं.

आधी अडचणीचं बोलून घेऊ. मराठीत ‘डुक्कर’ ही शिवी आहे. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ साली चित्रपटगृहांत आला, तेव्हा डुक्कर पकडणाऱ्या कैकाडी कुटुंबाच्या वाट्याला येणारी हेटाळणी शहरी प्रेक्षकाने बहुधा पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. शाळेतली पोरं भिंतीवर चढून बघतात आणि घरची माणसं डुकरामागे धावतात, तो प्रसंग ज्याने पाहिला तो विसरणार नाही. देशावर गावकुसाबाहेरच्या माणसांवर लादलेलं जनावर ते हेच. घाटाखाली उतरलं की तेच लग्नाच्या मांडवातलं मानाचं मांस होतं. मग घाण कशात आहे, जनावरात की बघणाऱ्याच्या नजरेत? गंमत अशी की घरच्या डुकराला नाक मुरडणारी कितीतरी घरं रानडुकराचं नाव निघालं की जवळ सरकतात. ‘ते रानातलं, कंदमुळं खातं’ हे समर्थन ठरलेलं. (रानडुकराची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शेतीचं नुकसान करतं ही तक्रार खरी, पण तिचा रस्ता वनखात्याच्या परवानगीतून जातो. या पुस्तिकेत रानडुकराबद्दल एकही ओळ नाही, ती याच कारणाने.)

डुक्कर पोर्तुगीजांनी आणलं असं समजणाऱ्यांसाठी एक पुरावा पुरे आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याच्या अन्नाच्या भागात डुकराचे केस काढायची रीत दिली आहे: जनावरावर पांढरं कापड टाकायचं, वरून उकळतं पाणी ओतत राहायचं, केस हाताने निघायला लागले की थांबायचं, नाहीतर अंगाला चिखल लिंपून गवताच्या जाळावर भाजायचं. हे आजच्या बसवकल्याणच्या राजवाड्यातलं स्वयंपाकघर, आपल्यापासून घाटापलीकडे काही दिवसांच्या वाटेवरचं. सावंतवाडीच्या वाडीवर पांढऱ्या कापडाऐवजी गोणपाट असतं आणि गवताऐवजी माडाची सुकी चुडतं. बाकी काम तेच.

तरीही आपल्या किनाऱ्यावरच्या डुकराची कहाणी गोव्यातूनच जाते. १५१०मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. त्यांच्याकडे दारूच्या आंबटात आणि लसणीत मांस मुरवून ठेवायची रीत होती. तिच्यातून पुढे विंदालू झाला. वसईकडच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत तो ‘इंदयाल’ म्हणून ओळखला जातो. खाणं ही निष्ठेची खूण झाली ती मात्र इन्क्विझिशन या धर्मन्यायालयामुळे. गोव्यात ते १५६०पासून १८१२पर्यंत, मधला थोडा काळ सोडला तर, चालू होतं, आणि १७३६च्या फर्मानात तर हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायलाही नव्या ख्रिस्त्यांना बंदी होती. भातात मीठ आहे की नाही यावरून ज्या राज्यात माणसाची श्रद्धा तपासली जात होती, तिथे ताटात डुक्कर आहे की नाही याला काय वजन असेल ते वेगळं सांगायला नको. या काळात आणि नंतरही ख्रिस्ती कुटुंबं गोव्यातून बाहेर पडली. काही दक्षिणेला मंगळूरकडे गेली, काही उत्तरेला सावंतांच्या मुलखात आली. कुणी धाकाने, कुणी लढायांमुळे, कुणी नुसत्या शेतीच्या शोधात. इथे त्यांच्यावर कुणाचं फर्मान नव्हतं. डुक्कर सोडायचं तर तेव्हा सुटलं असतं. सुटलं नाही, कारण एव्हाना ते श्रद्धेपेक्षा चवीचं आणि सवयीचं झालं होतं. सक्तीने आलेली गोष्ट पोटात रुजते ती अशी. पुण्याच्या धर्मप्रांतातून वेगळा काढून सिंधुदुर्गचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला तो २००५मध्ये, आणि त्याचं कॅथेड्रल सावंतवाडीत आहे. पण या वाड्या त्याहून कितीतरी जुन्या.

आता मुख्य मुद्दा. युरोपात डुक्कर मारतात ते हिवाळ्यात. पोर्तुगालची ‘मातांसा’ असो की रुमानियातला २० डिसेंबरचा इग्नातचा दिवस असो, थंडी हेच तिथलं शीतकपाट. रात्रभर बाहेर टांगलेलं धूड सकाळी दगडासारखं घट्ट होतं, मग ते सावकाश कापतात, मांडीला नुसतं मीठ चोळून महिनोन्महिने थंड हवेत सुकवतात आणि कच्चंच कापून खातात. आपल्याकडे डिसेंबरातही पहाटेची थंडी बेताचीच असते आणि दुपारी पारा तिशी ओलांडतो. त्या हवेत नुसत्या मिठावर मांडी टांगली तर आतून, हाडापाशी, ती आधी कुजेल आणि बाहेरून मग सुकेल. म्हणून किनाऱ्यावर थंडीचं काम आंबटाने केलं. मांसाचे लहान तुकडे, भरपूर मीठ, माडीचा विनागर, मिरची, लसूण, मग ऊन आणि शेवटी चुलीचा धूर. मोठ्या तुकड्याच्या पोटात मीठ पोचायला दिवस लागतात. सुपारीएवढ्या तुकड्यात ते रात्रीत पोचतं. ही युरोपची नक्कल नव्हे. नक्कल केली असती तर पहिल्याच वर्षी माणसं मेली असती. उष्ण मुलखात बाकीचेही याच वाटेने गेलेले दिसतात: कोडगूत पंदी करीला कचमपुलीचा काळा आंबट अर्क लागतो, मंगळूरच्या डुक्रा मासात विनागर आहे, आणि ईशान्येकडे नागा घरांत आंबटाऐवजी महिनाभराचा धूर आहे.

हे जे मीठ, आंबट आणि तिखट, ते कुठून येत होतं ते पाहा.

मीठ शिरोड्याचं. वेंगुर्ले तालुक्यातलं शिरोडं मराठी वाचकाला वि. स. खांडेकरांच्या शाळेमुळे आणि १९३०च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे माहीत आहे. पण त्या सत्याग्रहाला शिरोडंच का निवडलं? तिथे मिठागरं होती म्हणून. भरतीचं पाणी आगरात घ्यायचं, उन्हाने आटवायचं, फळीने ओढून खडे गोळा करायचे. हे काम करणारी कुटुंबं पिढ्यान्पिढ्या तिथे आहेत. हे मीठ करडं, ओलसर, खडबडीत. मांसाला तेच चांगलं. पिशवीतलं बारीक मीठ पहिल्या तासात विरघळून पाणी होतं आणि भांड्याच्या तळाशी बसतं. खडे सावकाश विरघळतात आणि रात्रभर मांसातलं पाणी ओढत राहतात.

आंबट माडाचं. माडावर चढून पोय बांधायची, कापायची, मडकं लावायचं आणि सकाळ-संध्याकाळ माडी उतरवायची, हे कोकणात भंडाऱ्याचं परंपरागत काम. ताजी माडी गोड. संध्याकाळपर्यंत ती फसफसते. आणि तोंड फडक्याने बांधून मडक्यात काही आठवडे तशीच ठेवली की तिचा विनागर होतो. त्याला रंग पिवळसर, वास किंचित फळासारखा, आणि आंबटपणा बाटलीतल्या पांढऱ्या व्हिनेगरहून मऊ. ती पांढरी बाटली बहुतेक वेळा कारखान्यातलं पातळ केलेलं अॅसेटिक अॅसिड असते. मांस तिच्यातही टिकतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण चव घशाला बोचते, आणि ज्याने एकदा माडीच्या विनागरातलं चोरीस, म्हणजे आतड्यात भरून सुकवलेलं मांस, खाल्लं आहे त्याला फरक सांगावा लागत नाही.

तिखट आता घाटावरून येतं, ब्याडगी किंवा काश्मिरी, कारण चोरिसाला लाल रंग हवा आणि जाळ कमी. मिरची स्वतः पोर्तुगीजांबरोबर अमेरिकेतून आली, म्हणजे हा सगळा खटाटोपच पाचशे वर्षांच्या आतला. त्याआधीच्या सोमेश्वराच्या स्वयंपाकात ती नव्हती.

तर मीठ आगरवाल्याचं, विनागर भंडाऱ्याचा, मसाला शनिवारच्या बाजारातला, आणि डुक्कर ख्रिस्ती घरचं. यातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी ते मांस जन्मात चाखलं नसेल. तरी त्यांच्या हाताशिवाय ते टिकलं नसतं. म्हणून या कलेला एका समाजाची खासगी गोष्ट म्हणून कपाटात ठेवायला माझा विरोध आहे. आणि म्हणूनच ती धोक्यातही आहे: माडावर चढणारा मिळेनासा झाला की विनागर संपतो, आणि विनागर संपला की चोरीस उरतं ते नावापुरतं. माडी काढायला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, चढायला तरुण पोरगा लागतो, आणि त्या पोराला मुंबईत किंवा गोव्याच्या हॉटेलात पक्की नोकरी हवी असते. त्याला दोष कोण देईल?

पुस्तिकेचा पहिला भाग पाळण्यावर आहे आणि तो वाचकाने ओलांडून पुढे जाऊ नये, कारण चांगलं खारवणं खोपटात सुरू होतं. पूर्वी घरोघरी काळं, लहान चणीचं गावठी डुक्कर असे. गोव्यातल्या अशा डुकराची ‘अगोंडा गोवन’ ही जात देशाच्या नोंदणीकृत जातींच्या यादीत आहे. त्याला वाढायला वर्षभर लागतं आणि वजन बेताचं भरतं. आता पांढऱ्या यॉर्कशायरच्या संकराची पिल्लं मिळतात, ती सात-आठ महिन्यांत गावठीच्या दुप्पट भरतात. मला विचाराल तर खायला गावठी आणि धंद्याला संकर. खाणं पूर्वीचंच: भाताचा कोंडा, पेजेतला निवळ, उतरलेला फणस, केळीचा गाभा. माशांची आतडी-डोकी घालायची तर कापायच्या आधी महिना-दीड महिना ती बंद करावी, नाहीतर चरबीला मासळीचा वास येतो आणि तो कुठल्याही मसाल्याने जात नाही. नर पिल्लू लहानपणीच खच्ची करावं. न केलेल्या नराच्या मांसाला गरम झाल्यावर मुतासारखा दर्प सुटतो. हॉटेलातलं खरकटं घालायचं तर उकळूनच घालावं. २०२०मध्ये आसाम आणि अरुणाचलात आफ्रिकन स्वाइन फीव्हर पहिल्यांदा आला. माणसाला तो होत नाही, पण डुकरांची खोपटंच्या खोपटं रिकामी करतो, त्याच्यावर औषध नाही, आणि त्याचा विषाणू खारवलेल्या मांसातसुद्धा महिनोन्महिने जिवंत राहतो. म्हणजे कुणीतरी आणलेल्या सॉसेजचा फेकलेला तुकडा तुमच्या डुकराने खाल्ला तरी पुरे.

आणि डुक्कर बांधलेलंच असावं. गोव्यात-कोकणात जुन्या परसांत डुक्कर आणि शौचाची जागा यांचं जे नातं होतं त्याबद्दल विनोद पुष्कळ झाले, पण विषय विनोदाचा नाही. फीतकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून डुकराच्या पोटात जातात आणि त्याच्या स्नायूंत तांदळाच्या दाण्याएवढ्या गाठी होतात. तसं मांस अर्धवट शिजवून खाल्लं तर माणसाच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. पण खरा घात वेगळा आहे: त्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हाताला, भाजीला, पाण्याला लागून दुसऱ्या कुणाच्या पोटात गेली तर गाठी त्याच्या मेंदूत होतात. तो दुसरा माणूस जन्मभर शाकाहारी असला तरी. जिथे मोकाट डुकरं आणि उघड्यावरची घाण एकत्र नांदतात, तिथे फेफऱ्याच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे हा कृमी असतो असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून जुनी माणसं डुक्कर विकत घेताना त्याची जीभ बाहेर ओढून खालच्या बाजूने बोट फिरवून बघत. दाणा लागला तर सौदा मोडला. ही परीक्षा आजही करावी, पण जीभ साफ निघाली म्हणजे जनावर निर्दोष असं धरू नये.

कापण्याचा दिवस मी सविस्तर पाहिला तो सावंतवाडीजवळच्या एका घरी. आदल्या रात्री डुकराला फक्त पाणी. उजाडायच्या आत पातेली चुलीवर. कापणारा माणूस वेगळा असतो, ठरलेला. तो येतो, काम करतो, त्याचा वाटा घेऊन जातो, आणि घरचे लोक त्या दोन मिनिटांत बहुधा दुसरीकडे बघतात. या दोन मिनिटांबद्दल पुस्तिकेत स्पष्ट लिहिलं आहे आणि ते योग्यच आहे. जनावर आधी बेशुद्ध करावं, घाई-आरडाओरडा करू नये, बाकीच्या डुकरांसमोर करू नये. हे दयेचं तर आहेच, पण घाबरून, धावून मेलेल्या जनावराच्या स्नायूंतली साखर आधीच संपलेली असते, मांसाला हवा तेवढा आंबटपणा येत नाही आणि ते लवकर बिघडतं. रक्त धरायला एकजण पातेलं घेऊन बसतो. पातेल्यात आधीच विनागर आणि मीठ, आणि हात थांबवायचा नाही, ढवळत राहायचं, नाहीतर रक्ताची खरवसासारखी वडी होते. हे रक्त सोरपोतेल नावाच्या कालवणाला.

त्या दिवसाचं खरं कौशल्य मला दिसलं ते न्हाणीमागे. एक म्हातारी मावशी पिढ्यावर बसून आतडी साफ करत होत्या. पित्ताची पिशवी न फोडता यकृत सोडवणं आधी झालं होतं. पित्त सांडलं तर आजूबाजूचं मांस कडू होऊन जातं. मावशींनी आतड्याचं एक टोक माडाच्या हिराच्या मागे दुमडलं, आत पाण्याची धार धरली आणि पाण्याच्याच वजनाने सगळं आतडं हातमोज्यासारखं उलटं झालं. मग पाटावर पसरून बोथट सुरीच्या पाठीने आतलं बुळबुळीत अस्तर खरवडायचं. जोर जास्त झाला तर भोक, कमी झाला तर वास राहतो. खरवडून जे उरलं ते ओल्या रेशमाइतकं पातळ होतं, त्यातून बोटाची रेघ दिसत होती. मग मीठ, लिंबू, पुन्हा पाणी, पुन्हा मीठ, शेवटचा हात विनागराचा. मसाला वाटणाऱ्या सुनेकडे मान न वळवता त्या म्हणाल्या, “पाण्याचो थेंब लागलो की मास गेला म्हणान समज.” आतड्याला पाणी चालतं, मांसाला नाही. मसाला वाटायचा तोही विनागरात. या एका नियमावर अख्खं चोरीस उभं आहे.

पुढचं थोडक्यात सांगतो, प्रमाणं आत आहेतच. मांस आणि चरबीचे तुकडे, चरबी चौथा हिस्सा किंवा थोडी जास्त; दहा किलोला साधारण ३०० ग्रॅम मीठ लावून रात्रभर वजनाखाली. सकाळी सुटलेलं पाणी टाकून द्यायचं. मग लसूण, आलं, मिरी, जिरं, दालचिनी, लवंग, हळद, मिरची, सगळं विनागरात वाटून चोळायचं, दोन-तीन दिवस रोज खालीवर करायचं. काही घरांत चिमूटभर सोराही घालतात. त्यावर माझं मत कडक आहे: सोरा चिमटीने मोजायची वस्तू नाही. एकतर काट्यावर ग्रॅममध्ये मोजा, नाहीतर घालू नका. मग आतड्यात भरायचं, हवेचा बुडबुडा दिसला की सुईने टोचायचं, दोऱ्याने मणी-मणी बांधायचे आणि उन्हात. ऊन डिसेंबर ते मार्चचं चांगलं, रात्री डोंगरावरून सुका वारा येतो तेव्हाचं. मे महिन्यात ऊन कडक असतं पण हवा ओली, आणि वळिवाचा भरवसा नाही. मग माळ चुलीवर जाते आणि रोजच्या रांधपाच्या धुरात तिथेच राहते. १ जूनपासून मासेमारी बंद होते, भाजी मिळत नाही, तेव्हा त्या माळेतले चार मणी, दोन कांदे आणि चार बटाटे यांत सहा माणसांचं जेवण होतं. चोरीस हे मुळात पावसाळ्यातलं कालवण आहे, पाहुण्यांपुढे मिरवायचा पदार्थ नव्हे. गोव्याच्या हमरस्त्यावर विकल्या जाणाऱ्या चोरीस-पावाने हे आपल्याला विसरायला लावलं.

सुरक्षिततेचं प्रकरण काहींना भीतीदायक वाटेल. वाटू दे. जर्मनीत वुर्टेम्बर्गमध्ये १८२०च्या दशकात युस्टिनुस केर्नर या डॉक्टराने सॉसेज खाऊन झालेले मृत्यू बारकाईने नोंदले. त्या विषाचा जंतू हवा नसलेल्या, ओल्या, आंबट नसलेल्या जागी वाढतो. जाड आतडं, आत कमी मिठाचं मांस आणि वर उबदार हवा म्हणजे त्याला पाहुणचार. मीठ, सुकवण आणि आंबट हे तिन्ही मिळून त्याला रोखतात. आंबटपणाचा आकडा, म्हणजे पीएच, ४.६च्या खाली गेला की तो वाढतच नाही. लहान मणी, भरपूर विनागर, नीट सुकवण ही जुन्या घरांची शिस्त त्यावरचं उत्तर आहे. पण हल्ली लोक अर्धवट सुकलेलं चोरीस प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करतात आणि कपाटात ठेवतात. हे करू नका. तसं ठेवायचं तर फ्रिजात, आणि तेही थोडे दिवस. घरात फ्रिज असताना पहिली रात्र मांस बाहेर मुरवण्यातही काही परंपरा जपली जात नाही. ४ अंशांवर मुरवलेलं मांस चवीला तेवढंच चांगलं. फीतकृमीच्या गाठी मारायला उणे १५ अंशांच्या फ्रीजरात ३ दिवस पुरतात. आणि स्पेनचं सॉसेज कच्चं खातात म्हणून आपलं तसं खाऊ नये; चोरीस आधी उकळायचं, मग परतायचं, हा क्रम कधी मोडू नये.

कायद्याचं एक वाक्य. २००१च्या नियमांनुसार नगरपालिका हद्दीत मान्यताप्राप्त कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. ग्रामपंचायत हद्दीत घरच्यासाठी कापणं वेगळं आणि विकणं वेगळं. विकायचं ठरलं की अन्नसुरक्षेची नोंदणी आणि पशुवैद्याची तपासणी आलीच.

या पुस्तिकेत मला एक गोष्ट कमी वाटते, ती सांगतो. ती पुरुषांच्या कामावर, म्हणजे पाळण्या-कापण्यावर, सविस्तर बोलते, आणि आतडी साफ करणं, मसाला वाटणं, माळ राखणं यावर जरा घाईने सरकते. खरं महत्त्व उलट आहे. कापणारा माणूस शेजारच्या गावातून आणता येतो. मावशींचा हात आणता येत नाही. पुढच्या आवृत्तीत न्हाणीमागच्या त्या पाटाला आणखी पानं मिळावीत.

नव्याने शिकणाऱ्याला शेवटचं सांगणं. पहिल्या खेपेला अख्खं डुक्कर धरू नका. ओळखीच्या, तपासणी करून कापणाऱ्याकडून दोन किलो मांस घ्या, शिरोड्याचं मीठ आणि माडीचा विनागर मिळवा, आतड्याच्या फंदात न पडता मातीच्या बरणीत खारवून बघा, आणि फेब्रुवारीतच सुरुवात करा. विनागर देणारा भंडारी तुमच्या वाडीवर अजून असेल तर त्याचा नंबर लिहून ठेवा आणि त्याला योग्य पैसे द्या. घासाघीस करू नका.